चौथ्या सिलिंडरची भिंत

नाना पेठेत माझं इंजिन बोअरिंगचं दुकान आहे, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करायचे. मी तोंडाचा फटकळ. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की सरळ सांगतो, "शेजारी जा, तिथे लवकर बिघडवून देतात." टर्बोची गाडी असली की जास्तच बोलतो. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो, स्फोटाचा सगळा दाब इंजिनच्या ब्लॉकमधल्या सिलिंडरच्या भिंतींवर येतो आणि भिंतीपलीकडे लगेच पाणी खेळत असतं. कारखान्यात लोखंडाचा ब्लॉक ओतताना साच्यातला वाळूचा गाभा जरासा सरकला तर भिंत एका अंगाला पातळ होते. वरून बघून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून बोअर केल्यावर प्रत्येक भिंत जाडीचा मीटर लावून मोजायची. हे कीर्तन मी वीस वर्षं करतोय.

आणि सख्ख्या भावाच्या ब्लॉकला मीच ते केलं नाही.

धाकट्याच्या टर्बो डिझेलचा ब्लॉक मी नवरात्रात घेतला होता. अष्टमीच्या संध्याकाळी चारही सिलिंडर बोअर झाले, तीन भिंती मोजल्या, चौथी सकाळी मोजू म्हटलं. सकाळी खंडेनवमी. मी पोचेपर्यंत बायकोने सगळी अवजारं पुसून पाटावर मांडली होती, मीटरलाही हळद-कुंकू लागलं होतं. पूजेतलं अवजार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तेवढ्यात धाकटा टेम्पो घेऊन हजर. "दादा, मेकॅनिक खोळंबलाय, नेऊ का?" तीन भिंती उत्तम होत्या. चौथी काय वेगळी असणार? म्हटलं, ने.

दसऱ्यानंतर मला धड झोप नव्हती. इंजिन बसलं, गाडी धाकट्याच्या घराजवळ वारज्यातच हळूहळू फिरत होती, म्हणून मी गप्प राहिलो. सांगायचं म्हणजे इंजिन परत उघडायचं, आणि सगळ्या पेठेला माझं हसं करायला निमित्त द्यायचं. आज सांगू, उद्या सांगू. अहो, भीती वाटत होती आणि लाजही, त्यात लाजच जिंकत होती.

भाऊबीजेला सकाळी धाकटा आईला न्यायला आला. आई माझ्याकडे असते. तिला साताऱ्याला मामाला ओवाळायचं होतं. ती गाडीत बसल्यावर हा पठ्ठ्या म्हणतो, "दादा, टर्बोचा दाब वाढवून घेतलाय कालच. आता बघ खंबाटकीचा घाट कशी चढते!"

मी पुढे होईपर्यंत गाडी कोपऱ्यावरून वळली सुद्धा.

भर चढावर भिंत तडकली, पाणी सिलिंडरमध्ये गेलं, की इंजिन जागच्या जागी जाम. मागे ट्रकची रांग, आणि आत आई. मी माझी गाडी काढली आणि सुटलो. कात्रजपासून फोन लावत होतो, धाकटा उचलेना. दोनदा गाडी बाजूला घेऊन परत लावला. शेवटी आईने उचलला.

"काय रे, सारखा फोन?"

"आई, कुठे आहात?"

"घाट समोर दिसतोय. तापमानाचा काटा वर चाललाय म्हणून हा थांबूया म्हणत होता. मीच म्हटलं, ब्लॉक थोरल्याच्या हातचा आहे, घाल घाटात."

"आई, थांबवायला सांग! चौथी भिंत मी मोजलेलीच नाही."

पलीकडे तिचा आवाज, धाकट्याला, "गाडी बाजूला घे." आणि मला, "तीन आठवडे माझ्यासमोर बसून जेवत होतास की रे."

मी पोचलो तेव्हा गाडी घाटाखालच्या एका हॉटेलासमोर उभी होती. इंजिन निवल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं, इंजिन चालू केलं, तर पाण्यात बुडबुडेच बुडबुडे, सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत होता. भिंत तडकली होती. धाकट्याने बुडबुड्यांकडे पाहिलं, घाटाकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मला एक शिवी तरी द्यायला हवी होती त्याने, पण नाही दिली.

आई बाकावर बसली होती, ओवाळणीची पिशवी मांडीवर घेऊन.

"मोजायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"पाच मिनिटं."

मी म्हटलं, "आई, चल, माझ्या गाडीतून सोडतो. मामा वाट बघत असेल."

तिने माझ्या गाडीकडे नीट पाहिलं. "हिचं इंजिन कुणी केलंय?"

"मीच."

ती पिशवी सांभाळत उठली आणि रस्त्याकडे निघाली.

"मग एसटीला हात कर," आई म्हणाली.