खांद्यावरचा अंगठा

चिडलेल्या मुलांना शांत कसं करायचं, याचं प्रशिक्षण परवा आम्हा शिक्षकांना शाळेच्या हॉलमध्ये बसवून दिलं. शेवटी नाटुकलं. चिडलेली विद्यार्थिनी मी, शिक्षक आमचे उपमुख्याध्यापक. मी वही आपटली, सगळे फिदीफिदी हसले. सर जवळ आले, शिकवल्याप्रमाणे आवाज खाली आणला आणि म्हणाले, "बाळा, काय झालं? मला सांग बरं." आवाज कसा, मधात बुडवलेला. पण खांद्यावर ठेवलेल्या हाताचा अंगठा माझ्या गळ्याजवळच्या हाडात रुतत होता.

"वा, सर!" म्हणत प्रशिक्षकबाईंनी टाळ्या पिटल्या. अंगठा कुणालाच दिसला नाही. ज्याच्या खांद्यावर असतो, त्यालाच तो कळतो. बावन्न वर्षांची बाई मी, पण त्या हाताला कडकडून चावावंसं वाटलं.

मागच्या वर्षी सातवीतली एक मुलगी मला चावली होती. हातावरचे दातांचे व्रण मी स्टाफरूमभर दाखवत फिरले, तिला आठवडाभर वर्गाबाहेर बसवलं, तिच्या आईला बोलावून घेतलं. "मी किती प्रेमाने बोलत होते हिच्याशी," मी आईला म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. मुलगी आपल्या खांद्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगू पाहत होती.

"उलट बोलायचं नाही," मी तिला म्हटलं. अगदी खालच्या आवाजात.