पाल म्हणून खपवलेला बेडूक

माझ्या बायकोचं माहेर रावेरकडचं. त्यामुळे श्रावण लागला की तिच्या भावाकडून गोणपाटात गुंडाळलेला केळीचा घड धुळ्यात देवपूरला आमच्या घरी येतो. उपवासाच्या नावाखाली महिनाभर केळी खाऊन मला त्यांचा तिटकारा येतो. पण सासरवाडीची भेट, बोलायची सोय नाही. दोन वर्षांपूर्वी असाच घड सोडायला बसलो, तर दोन फण्यांच्या मधून एक बेडूक माझ्याकडे बघत होता. अंगठ्याएवढा, पिवळट तपकिरी, डोळे मात्र अंगाच्या मानाने फारच मोठे. मी मागे सरकलो तशी त्याने उडी मारली आणि थेट फ्रीजच्या दाराला जाऊन चिकटला.

"भावाने तुमच्या जोडीला पाठवलाय," बायको म्हणाली. मी निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात असतो, यावरचा तो टोमणा होता.

झाडावर राहणारा बेडूक होता तो. बोटांच्या टोकांना गोल गाद्या असल्यामुळे असे बेडूक काचेवरही चढतात. याचा मागचा एक पाय मात्र गोणपाटाच्या सुतळीत चेंगरून सुजला होता. असा लंगडा जीव बाहेर सोडला तर भारद्वाजाच्या किंवा मांजराच्या तोंडी जाणार, म्हणून बरा होईपर्यंत ठेवू, असं मी ठरवलं. बायकोनेही हरकत घेतली नाही. तिला वाटलं असणार, दोन दिवसांचा खेळ आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात उभं आयुष्य जीवशास्त्र शिकवलं. बेडकाचं पोट कसं उघडायचं, हे मी झोपेतही सांगेन. जिवंत बेडकाला जेवायला काय घालायचं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मेलेली माशी त्याच्यापुढे ठेवली. तो तिच्याकडे अशा नजरेने बघत बसला, जसा मी श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात केळ्याकडे बघतो. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. हा आता घराघरांतून साप पकडून रानात सोडतो. बारावीला मी त्याला जीवशास्त्रात नापास केलं होतं. तो मोठ्या अदबीने म्हणाला, "सर, हलणारंच खातो तो. आणि त्याला हात लावण्याआधी हात ओले करत जा, कोरड्या हाताने त्याची कातडी भाजल्यासारखी होते." नळाचं पाणीही थेट द्यायचं नाही, त्यातल्या औषधाचा वास जाईपर्यंत उघडं ठेवून मग द्यायचं. पाय बरा झाला की सोडून द्यायचं, पाळत बसायचं नाही. मी वही काढून सगळं उतरवून घेतलं. त्याने शेवटी "समजलं का सर?" असंही विचारलं. ते मी सोसलं.

माळ्यावरची माशांची रिकामी काचपेटी खाली आली. तिच्यात मनीप्लांटची कुंडी, एक वाळकी फांदी, बशीत शिळं पाणी आणि वर मच्छरदाणीच्या कापडाचं झाकण. पेटी मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या आडोशाला ठेवली. राहता राहिला जेवणाचा प्रश्न. बायको वर्षानुवर्षं झुरळांशी लढत होती. तिचा तो पांढरा खडू, ती फवारणी, सगळं मी बंद करवलं, कारण विषारी झुरळ बेडकाच्या पोटात गेलं तर संपलंच. मग मी संध्याकाळी बॅटरी घेऊन मोरीशी दबा धरून बसू लागलो. इतकी वर्षं सांगून न ऐकलेलं काम मी आता बेडकासाठी करतो, हे बायकोने तिच्या भावाला, भावजयीला आणि समोरच्या दुकानदारालाही सांगितलं.

आठवड्याभरात पायाची सूज उतरली, लंगडणं तेवढं राहिलं, आणि बेडकाला कंठ फुटला. दिवेलागणीला तो गळ्याची पिशवी फुगवायचा आणि टक्-टक्-टक् असं वाजायचा. कुणी लाकडावर बोटाच्या पेराने ठोकावं तसं. मला तर त्याचा अभिमानच वाटायला लागला होता.

आणि तेवढ्यात अक्का येणार असं ठरलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती साक्रीजवळच्या आमच्या गावी राहते आणि अहिराणीच बोलते. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन लवकर केलं नाही तर चालणंच बंद होईल, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दोन वर्षं मनधरणी केल्यावर ती एकदाची तयार झाली होती. शुक्रवारची वेळ मिळाली. रविवारी मी गाडी करून तिला घेऊन आलो.

बेडकाचं तिच्यापासून लपवायचं, हे मी बायकोला आधीच बजावलं होतं. त्याला कारण होतं. मी बी.एस्सी.ला असताना अक्का दोन वर्षं माझ्याबरोबर धुळ्यात खोली करून राहिली, माझ्या भाकरी थापायला. एकदा परीक्षेच्या सरावासाठी मी खोलीवर तीन-चार बेडूक आणले. बेशुद्ध करायचं औषध कापसावर घेतलं आणि दुसरं काही सापडेना म्हणून अक्काच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बेडूक आणि कापूस घालून झाकण लावलं. ती पिठाच्या हातांनी उभी राहून बघत होती. त्यानंतर दोन दिवस तिने चूल पेटवली नाही, बोलली नाही. बरणी बाटवली म्हणून एवढा राग! तेव्हापासून बेडूक हा शब्दही मी तिच्यासमोर काढत नसे.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो. मी म्हणालो, अक्का, शुक्रवारी ऑपरेशन झालं की महिन्याभरात तू चालायला लागशील. आणि मागून आवाज आला, टक्-टक्-टक्.

"हाई काय वाजस?" अक्काने विचारलं.

"पाल असेल," मी म्हणालो.

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला पुढच्या क्षणी कळलं. अक्काने लगेच वाकून जमिनीवर तीन टिचक्या मारल्या आणि "कृष्ण कृष्ण" म्हटलं. ऑपरेशनचा विषय निघाला आणि पाल चुकचुकली! ती चहा अर्धा ठेवून आत गेली. सोमवारी बायकोने दवाखान्याच्या पिशवीत काय काय भरायचं ते विचारलं, तर पुन्हा टक्-टक्-टक्. मंगळवारी मी आवाज दबावा म्हणून टीव्ही मोठा लावला. बेडकाला वाटलं असावं, कुणीतरी स्पर्धेला उतरलंय. तो दुप्पट जोराने ओरडू लागला. अक्का उठली, भिंतीला धरून कपाटापाशी गेली आणि आपली लुगडी पिशवीत भरायला लागली.

"पाल नही म्हणस," ती म्हणाली. "मी काही कापाले जास नही." बुधवारी सकाळच्या साक्रीच्या गाडीत बसवून दे, एवढंच तिचं मागणं होतं.

मी चिडलो. एवढी शहाणी बाई आणि पालीच्या नादाने पांगळी व्हायला निघाली, असं बरंच काही बोललो. बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. अक्काला पालीने अडवलेलं नाही, तुम्ही अडवलंय, आता निस्तरा, असं तिने हळू आवाजात सुनावलं. ती बरोबर बोलत होती आणि त्यामुळे मला आणखी राग आला.

मी गॅलरीत गेलो, पेटी उचलली आणि आणून अक्काच्या पुढ्यात ठेवली. बेडूक फांदीवर बसला होता, गळा फुगवून. अक्का, ही पाल नाही, हा बेडूक आहे, मी खोटं बोललो, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं आणि ती बरणी आठवून शिव्या खायला तयार राहिलो.

अक्काने पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माले काय पालना आवाज कयत नही का?" ती म्हणाली. "पहिल्याच दिन समजनं."

रानात वाढलेली बाई ती. माझ्यासारख्या मास्तराला जे वहीत उतरवून घ्यावं लागलं, ते तिच्या कानातच होतं. नंतर कळलं, सोमवारी आणि मंगळवारी दुपारी आम्ही झोपल्यावर ती भिंत धरत गॅलरीत गेली होती आणि जाळी वर करून तिने त्याला किडे टाकले होते. मी म्हणत होतो, हा माझ्या झुरळांकडे बघत का नाही! मग पाल, टिचक्या, कृष्ण कृष्ण हे सगळं कशाला, असं मी विचारलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"पायनं भ्याव नही माले," ती म्हणाली. "पण तठे सुई देईसन निजाडतस. तू बी बेडूकसले असंच निजाडे ना, बरणीमा? त्यामझारला एक तरी उठना का?"

मी खाली बसलो. चाळीस-बेचाळीस वर्षं मी समजत होतो की ती बाटलेल्या बरणीवर रागावली होती. ती त्या दोन दिवसांत बेडूक उठायची वाट बघत होती, आणि मी ते कॉलेजात नेऊन, कापून, आकृती काढून, परीक्षेत चांगले गुण घेऊन मोकळा झालो होतो. नाही उठला, अक्का, एकही नाही, असं मी तिला खरं ते सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

बायकोला मात्र एकच प्रश्न पडला होता, आणि तो तिने विचारला. गुडघ्याच्या ऑपरेशनला मुळात झोपवतात का? तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. कमरेत सुई देतात, कमरेखालचं अंग बधिर होतं, माणूस जागा असतो. हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी तिला खर्च सांगितला, तारीख सांगितली, पथ्य सांगितलं, आणि आयुष्यभर वर्गात बडबड केलेल्या माणसाने एवढं एकच सांगितलं नव्हतं. अक्काला माझ्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. बुधवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या तोंडून तिने ते दोनदा वदवून घेतलं. मग घरी येऊन लुगड्यांची पिशवी पुन्हा कपाटात रिकामी केली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. दोन तास मी दवाखान्याच्या बाकावर बसून होतो आणि मला बरणीशिवाय काही दिसत नव्हतं. दार उघडलं तर आधी नर्सचं हसू ऐकू आलं. जागं राहण्याचा निश्चय करून आत गेलेल्या अक्काला अर्ध्यात आपोआप झोप लागली होती आणि ती चांगली घोरत होती, म्हणे. तिला बाहेर आणलं तेव्हा डोळे अर्धे मिटलेले होते. मी जवळ गेलो. तिने स्ट्रेचरच्या कडेवर बोटाच्या पेराने हळूच ठोकलं, टक्, टक्, टक्.

"सांग तुना बेडूकले," ती म्हणाली, "एक उठनी."

संध्याकाळी घरी आल्यावर मी हात ओले केले, जाळी काढली आणि त्याला तसंच सांगितलं. अहिराणीतच सांगितलं.