बिनचिठ्ठीचे बस्ते

साठ-एकसष्ट साल असेल. अमरावतीच्या एका कचेरीत मी हंगामी कारकून होते. वय वीस, आणि डोक्यात अशी हवा, की ही कचेरी आपल्यावाचून चालायचीच नाही. तिथं बंद पडलेल्या शाळांचं दप्तर ठेवलेलं असे. लाल फडक्यात बांधलेले दोनशेच्या वर बस्ते, प्रत्येकाच्या गाठीला क्रमांकाची चिठ्ठी. कोणत्या गावची शाळा कोणत्या क्रमांकात, ते सूचीवहीत लिहिलेलं.

दर उन्हाळ्यात वाळवी लागू नये म्हणून बस्त्यांना व्हरांड्यात ऊन दाखवायचं. त्या शनिवारी वारा सुटला. चिठ्ठ्या उडून जातील म्हणून या हुशारबाईनं त्या सगळ्या सोडल्या आणि दौतीखाली दाबून ठेवल्या. अगदी क्रमानं लावून, हं. मग घड्याळ पाहिलं. अकोल्याच्या बसला वीस मिनिटं उरली होती आणि बहिणीकडे मांडे होते. बस्ते हाताला लागतील तसे मांडण्यांत कोंबले, कुलूप घातलं नि पळाले. मांडे छान झाले होते.

सोमवारी आले तर नांदगाव खंडेश्वरकडची एक बाई बाकावर बसलेली. शेतमजुरी करणारी. तिच्या मुलीला अकोल्यात नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. अर्जाला जन्मतारखेचा दाखला हवा, मुलीची गावची शाळा बंद पडलेली, आणि मुदत त्याच दिवशी पाचला संपणार. म्हणजे एकची बस गाठायलाच हवी.

मी वही उघडून ऐटीत म्हणाले, "एकशे बारा." आत गेले. एकशे बारा कुठला? सगळी लाल गाठोडी सारखीच दिसत होती.

आमचे हेडक्लार्क, मोठे बाबू, मागं येऊन उभे राहिले. "चिठ्ठ्या कुठी आहेत?"

"आहेत ना. क्रमानं लावल्यात."

"मंग आता बस्त्यायले विचार, कोनाचा नंबर कोनता ते."

बाहेरून बाईनं विचारलं, "काहून वेळ लागून राहिला, बाई?"

"बस्ता खाली दबलाय, मावशी," मी ठोकून दिलं.

एकेक बस्ता सोडायचा, आतलं गाव वाचायचं, वहीशी ताडायचं, चिठ्ठी बांधायची. गाठी वर्षानुवर्षांच्या. माझी नखं तुटली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते धुळीनं असं मी स्वतःला सांगत होते. बारा वाजले तेव्हा चाळीसही झाले नव्हते. बाई सरळ आत आली, पदर खोचून खाली बसली.

"मी गाठी सोडतो, तुमी वाचा."

एक वाजला. ती घड्याळाकडे पाहत नव्हती, मी पाहत होते. बस गेली. तरी तिचे हात थांबले नाहीत. साडेतीनला तिच्या गावचं नाव निघालं. मी पानं उलटत गेले.

"जात जुनीच लिवली असन, दीक्षेच्या आधीची," ती म्हणाली. "त्याचं मंग पाहू. तारीख सांगा."

तारीख होती. दाखला लिहून हातात दिला, तेव्हा ती म्हणाली, "आता उद्या तिथं काय सांगू? उशीर माह्या पोरीनंच केला म्हनतीन."

तेव्हा मी सोबत पत्र लिहायला घेतलं. 'अपरिहार्य कारणामुळे विलंब झाला.' मोठ्या बाबूंनी वाचलं.

"अपरिहार्य म्हंजे कोन? तू?"

मी ते खोडलं. 'विलंब माझ्या चुकीमुळे झाला' असं लिहून खाली माझं नाव घातलं. लिहिताना नोकरी गेल्यासारखंच वाटलं. बाईला म्हटलं, "मावशी, बस्ता दबलेला नव्हता."

"मले दिसलं ते," ती म्हणाली, आणि कागद पदरात बांधून उठली.

आठ दिवसांनी मुलीच्या हातचं कार्ड आलं. अर्ज घेतला, पण जागा भरल्या होत्या. पुढच्या साली या म्हणाले. मी तेव्हा उरलेल्या चिठ्ठ्या बांधत बस्त्यांमध्ये जमिनीवर बसले होते. उत्तर लिहायला कार्ड आणलं होतं, ते कोरंच राहिलं.

पुढच्या साली ती भरती झाली, हे मोठ्या बाबूंकडून कळलं. मधलं सालभर ती आईसोबत मजुरीनं शेतं निंदायला जात होती.