कुंदाकाकूंचं इंटरलागोस

बेसा भागातल्या आमच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, सकाळी फिरायला येणारी सगळी माणसं देवळाला उजवी घालून फिरतात. कुंदाकाकू तेवढ्या उलट्या यायच्या. त्यामुळे त्या प्रत्येकाला समोरून भेटत. पदर खोचलेला, नवऱ्याला उजव्या बाजूने धरलेलं, आणि तोंडाने सारखं चालू, "बोला नं. मग काय झालं?"

भजनी मंडळाचे वानखेडे एकदा म्हणाले, "काकू, देवाले उलटी फेरी? पुण्य वजा करून राहिल्या का तुमी?"

"होऊ द्या नं वजा," काकू न थांबता म्हणाल्या. "यांच्यासोबत संसार केला मी. पहिलेच लय साठलं आहे."

काकूंचे यजमान श्रीधरकाका. त्यांचं वाडी भागात ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गल्ल्यावर बसून ते गिऱ्हाइकाला मोटारींच्या शर्यतींबद्दल ऐकवत, आणि गिऱ्हाईक बेअरिंग घ्यायचं विसरून जाई. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. कितीतरी महिन्यांनी पहिला शब्द फुटला तो "संत्रं." काकूंनी धावत जाऊन संत्रं सोलून आणलं. काकांनी मान हलवली आणि डाव्या हाताने हवेत एक वळण काढलं. ब्राझीलमध्ये साओ पावलोला इंटरलागोस नावाचा शर्यतीचा रस्ता आहे, त्यातल्या एका वळणाला संत्र्याचं नाव आहे. काकांना ते वळण हवं होतं.

"मी इथं फोडी करून राहिली, अन् हे पोचले ब्राझीलले!" हे सांगताना काकू हसायच्या आणि डोळे पुसायच्या.

त्या रस्त्याचाच काकूंनी उपचार केला. देवळाभोवतीच्या बागेला लोखंडी कठडा आहे. उलटं फिरलं की तो डाव्या हाताला येतो, आणि काकांचा धड हात डावाच होता. "अन् इंटरलागोसलेही उलटंच धावतात," काकू मला म्हणाल्या. "भल्याभल्यांच्या माना अवघडतात तिथं. वानखेड्यांची अवघडली तं काय नवल?"

दर वळणाला एक वाक्य, असा त्या रस्त्याचा इतिहास काकांच्या तोंडून निघे. मी बाकावर बसून ऐकायचो.

"दोन... तलाव. मधी ले-आऊट."

"म्हंजे आपल्या बेशासारखं?"

"घरं... नाही झाली."

"काहून?"

"जमीन... बरोबर नाही."

"अन् मग?"

"मग... रस्ता!" असं म्हणून काका कठड्यावर थाप मारत. काकूंना सगळं पाठ होतं. तरी रोज त्या नव्यानेच ऐकत आहेत असं विचारत. माझंही ऐकून ऐकून पाठ झालं.

ले-आऊटच्या मीटिंगआधी काकू माझ्याकडे आल्या. मी सचिव. "भाऊ, आमच्या उलट्या फेरीचा विषय निघणार आहे म्हणतात. यांच्या हाताचं मी चारचौघांत उभी राहून सांगू, तं यांले कसं वाटन? तुमी सांगजा. दोन वाक्यांचं काम."

मी हो म्हणालो.

त्या वर्षी मला पुन्हा सचिव व्हायचं होतं आणि भजनी मंडळ नाराज झालेलं परवडणारं नव्हतं. मीटिंगमध्ये देवाचं नाव कुणीच काढलं नाही. समोरासमोर धक्के लागतात, सगळ्यांनी एकाच बाजूने फिरावं, एवढंच मंडळाची माणसं बोलली. काकू मागच्या खुर्चीवरून माझ्याकडे पाहत होत्या. मी पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण लावलं. ठराव मंजूर झाला. वाचून मीच दाखवला. फिरायच्या वाटेवरच्या सिमेंटच्या गट्टूंवर पिवळे बाणही मीच रंगवून घेतले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बाण पाहिले. "सुरेख काढले हं, भाऊ." बस, तेवढंच. मग त्यांनी काकांना हळूच वळवलं. कठडा आता लुळ्या हाताकडे गेला. काकांचा डावा हात हवेत चाचपडत राहिला. काकू विचारत होत्या, "काल कुठं होतो आपण? रस्ता कापून लहान केला, तिथं नं? मग काय झालं?" काका बोलले नाहीत. अर्ध्या फेरीतून दोघं परत गेले. मी बाकावरून उठलो नाही.

पुन्हा ते आले नाहीत. काकू किराण्याच्या दुकानात भेटल्या तर म्हणत, "यांचे पाय थकले गा भाऊ." मला कधी बोल लावला नाही. काकांचं बोलणं मात्र आटत गेलं, आणि पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

भेटायला गेलो तेव्हा घरात पाहुणे होते, वानखेडेही होते. काकू म्हणाल्या, "त्यांचं तिथंच अडकलं पहा. रस्ता कापला, तिथंच. भाऊ, तुमी तं रोज ऐकत होते. पुढचं आठवते का तुमाले?"

पुढचं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. काकांना विचारायच्या तशाच त्या मला विचारत होत्या. तोंड उघडायची संधी देत होत्या.

"नाही काकू," मी म्हणालो.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "चहा घ्या."

त्या आता अमरावतीला लेकीकडे असतात. बाण फिके पडले की रंगवून घेणं अजून माझ्याकडेच आहे.

काकू, आठवत होतं. मधल्या काळात शर्यती रिओला गेल्या होत्या. इंटरलागोसचा रस्ता कापून जवळजवळ निम्मा केला, तेव्हा कुठे त्या परत आल्या. रिओचा रस्ता पुढे पार उखडला गेला. हा राहिला. कापलेल्या जुन्या वाटेचे तुकडे अजून तिथे आहेत, आणि गाड्या आजही उलट्याच फिरतात.