चालू मशीनीतला हात

टिकारामच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. तरुणपणी तो गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये फिटर होता. एकदा धान अडकलं. पट्टा उतरवून मशीन थांबवायला पाच मिनिटं लागली असती, पण मुकादमाला तेवढा धीर नव्हता. त्याने टिकारामला चालू मशीनीत हात घालायला लावला. बोटं गेली, आणि मुकादम विचारपूस करायलाही फिरकला नाही. तेव्हा डोक्यात बसलेला राग पुढे तिथून कधी हललाच नाही.

नंतर धान खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थेने त्याला कार्यालयात घेतलं. केशोरीपासून बिरसीपर्यंतच्या केंद्रांवरची मोजणी जिथे जमा होई, त्या सर्व्हरची राखण त्याच्याकडे आली. जुन्या सर्व्हरमध्ये मोजणी साठवणाऱ्या सगळ्या डिस्क वायरच्या एकाच रुंद, चपट्या पट्टीत ओवलेल्या. पट्टीने हवा अडायची, आतून भट्टी व्हायची. एक डिस्क बिघडली की बाकीच्याही अडकून बसत. मग टिकाराम धान मोजणारे सगळे वजनकाटे थांबवून मशीन बंद करायचा आणि तेव्हाच झाकण काढायचा. शेतकरी बोंबलले की तो दुप्पट ओरडायचा.

यंदा नवा सर्व्हर आला. पट्टी गेली, प्रत्येक डिस्कला आपली वेगळी बारीक वायर आली. टिकारामचा नियम मात्र जुनाच राहिला.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी आभाळ भरून आलं, आणि तेव्हाच नव्या सर्व्हरच्या एका डिस्कवर लाल दिवा लागला. कार्यालयाच्या आवारात काट्यांजवळ शेतकरी धुरपताबाईची धानाची पोती उघड्यावर पडली होती, मोजायची बाकी. टिकारामने फोन उचलला.

"काटे थांबवा. मशीन बंद करून राहिलो."

"कायले बंद करता, काकाजी?" संस्थेची नवी इंजिनिअर डिंपल नवी डिस्क घेऊन आत आली. "चालूच राहू द्या. ते डिस्क ओढा, हे लावा."

"चालू मशीनीत हात?" त्याचा आवाज चढला. "तुये बोटं शाबूत आहेत, म्हणून बोलून राहिली."

डिंपल मागे सरली नाही. "बाहेर चार काटे आहेत. एक बिघडला त बाकीचे तीन थांबवता का?"

"कायले थांबवीन?"

"मंग? पहिले साऱ्या डिस्का एकाच काट्यावर होत्या. आता हरेकीचा काटा अलग आहे. अन् हिच्यातलं सारं बाजूच्या डिस्कमंदी बी लिवलं आहे."

"मले शिकवू नको."

खिडकीतून धुरपताबाई म्हणाली, "भांडण मंग करा जी. ढग का तुमचे नोकर आहेत, थांबाले?"

टिकारामने फोन आपटला. डिंपलने डिस्ककडे हात नेला, तसा त्याने तो झिडकारला.

"तू हात लावू नको. मी ओढतो."

तीन बोटांनी त्याने खटका दाबला. श्वास रोखून ओढलं. डिस्क अलगद बाहेर आली. बाजूचे हिरवे दिवे लुकलुकतच राहिले. बाहेर काट्यावरचा हमाल वजन ओरडून सांगत होता, त्याचा आवाज कुठे तुटला नाही. नवी डिस्क बसली.

"झालं," डिंपल म्हणाली.

टिकाराम हाताकडे पाहत राहिला. "अशी मशीन तवा काऊन नाही बनवली कोणी?" डिंपलने बिघडलेली डिस्क उचलून बाजूला ठेवली.

राग गेला नव्हता. फक्त तिच्यावरून उठून तो मिलमधल्या त्या मुकादमाकडे परत गेला होता. टिकाराम खिडकीशी गेला आणि हमालांवर खेकसला, "पाहून काय राहिले? बाईचे पोते मोजून शेडमंदी न्या."

पाऊस आला तेव्हा शेवटचं पोतं आत पडलं होतं.