आधी नाक

विज्ञानाची प्रगती माणसाच्या अखंड जिज्ञासेवर उभी असते. नव्वदच्या दशकात बेंगळूरच्या आमच्या संशोधन संस्थेत ती एका शिपायाच्या नाकावर उभी होती.

तो रोज सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढी, दार अर्धं उघडी आणि उंबऱ्याबाहेरूनच डोळे मिटून वास घेई. तोवर दिव्याच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच मराठी. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे अण्णा म्हणत.

मी तेव्हा तिथे पीएच.डी. करत होतो. एकदा घाईत मी बटणाकडे हात नेला. त्याने मनगट धरलं.

"स्वल्प थांबा, सर. आधी माझं नाक आत जाऊ द्या, मग तुम्ही."

"अण्णा, उशीर होतोय."

"डॉक्टर व्हायला पाच वर्षं थांबताय, हितं पाच मिन्टं जड होतात?"

मग वास मलाही आला. आदल्या संध्याकाळी ईथरच्या बाटलीचं बूच मीच सैल ठेवलं होतं. बटणाची एक ठिणगी पुरली असती. त्याने व्हरांड्यातला सगळ्या इमारतीचा मेन स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या आणि बूच घट्ट लावून बाटली माझ्या हातात दिली.

आज हे लिहून दोन्ही डोळ्यांनी वाचून पाहतोय, ते त्याच्यामुळे.

मी चूक लेखी कबूल केली. सुरक्षा समितीने माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि परवानगीशिवाय मेन बंद करून समितीच्या बैठकीतले पंखे थांबवल्याबद्दल त्याला मेमो दिला.