आज बाबा काय म्हणाले?

आमच्या ह्यांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण पँट शिवावी तर ह्यांनीच! गिऱ्हाईक बोलणी खाऊन जायचं आणि पुढच्या खेपेला भावालाही घेऊन यायचं.

लेक आमची टीव्हीसाठी लिहिते. तिच्या विनोदी मालिकेतला तिरसट बाप म्हणजे हेच, हुबेहूब. आणि माल पुरवणारी मी. रोज संध्याकाळी तिचा फोन, "आई, आज बाबा काय म्हणाले?" मी तिखटमीठ लावून सांगायची. काही दिवसांनी तेच वाक्य टीव्हीवर, मागून हशा. हे ते बघून म्हणायचे, "त्या घरात एवढा एकच शहाणा दिसतोय!"

मग हे सुईवर घसरले. "हल्ली सुयांना भोकंच पाडत नाहीत, चोर लेकाचे!" लगेच सांगितलं लेकीला. एकदा दाराच्या चौकटीवर आपटले. "हे दार इकडे कुणी सरकवलं?" तेही सांगितलं. तो भाग तर लोकांनी डोक्यावर घेतला. घरातही तेच चालायचं. कोपर लागून चहा सांडला, "कप कडेला ठेवतेस कशाला?" म्हणून ओरडले, की मी मेली तोंड दाबून हसायची आणि फोनकडे धावायची.

परवा मशीनची सुई ह्यांच्या बोटातून आरपार गेली. बोट बांधणाऱ्या डॉक्टरांनीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं.

"काचबिंदू. कडेची नजर केव्हाच गेलीय, ती परत येत नाही. उरलेली राखायचा प्रयत्न करू. शिवणकाम बंद," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "इतके दिवस धडपडत होते, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

लक्षात? अहो, घराघरांत लोकांना पाठ होतं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"मीच बोललो नाही हिला," हे हळूच म्हणाले. चारचौघांत मला असं पाठीशी घातलं. त्यापेक्षा खडसावलं असतं तर परवडलं असतं. माझ्याच जिभेनं ह्यांचे डोळे विकले.

घरी आलो. हे बंद मशीनवर हात ठेवून बसले. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, आज बाबा काय म्हणाले?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "म्हणाले... दिसत नाही गं मला."

पलीकडे लेक खळखळून हसली. "वा! आणि पुढे?"